आईच्या खोलीतला राउटर

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. मात्र ज्या घरात मी राहतो तिथे मला आता कोणी राउटर म्हणत नाही. घरात दुसरा, नवा राउटर आला आहे आणि तो हॉलमध्ये टीव्हीच्या वर बसतो. मी आतल्या खोलीत, भिंतीतल्या फळीवर असतो. एका वायरीतून आलेलं दुसऱ्या वायरीत सोडायचं, एवढंच काम माझ्याकडे उरलं आहे. अशा यंत्राला स्विच म्हणतात. माझा स्विच कसा झाला आणि त्यापायी या खोलीत काय घडलं, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे. गोष्ट गोड नाही. तरीही ती ऐका, कारण अशा खोल्या पुष्कळ घरांत असतात.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा मी बोरिवलीच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटात होतो. अंग काळं, डोक्यावर दोन अँटेना, पाठीला एक निळं आणि चार पिवळी छिद्रं, त्यांच्या बाजूला वायफायचं एक छोटं बटण. मला विकत घेतलं ते विनिताने. विनिता मस्कतला नर्स आहे. तेव्हा ती रजेवर दहिसरला माहेरी आली होती आणि परत जाण्याआधी तिला आईची एक सोय करून ठेवायची होती.

तिची आई म्हणजे मथुराआजी. मूळची मालवणकडची. तरुणपणी गिरणीत, सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला होती. तिथे यंत्रांचा असा गदारोळ असायचा की बाया एकमेकींशी नुसत्या ओठांनी बोलायच्या. गिरणी गेली, पण त्या आवाजाने आजीचे कान कायमचे नेले. पुढे म्हातारपणी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणं जड झालं, शब्द तोंडातल्या तोंडात घोळायला लागले. डावा हात तेवढा चालत होता. अशा माणसाला फोनचा काय उपयोग? तिला समोरच्याचा चेहरा दिसायला हवा, ओठ दिसायला हवेत. म्हणून विनिताने एक टॅब आणला, पलंगाशेजारी स्टँडवर बसवला आणि त्याला अशी सवय लावून दिली, की विनिताचा कॉल आला की तो आपोआप उचलला जाईल. आजीला काही दाबावं लागणार नव्हतं. त्या टॅबला इंटरनेट पोचवायला तिने मला फळीवर बसवलं. माझ्या वायफायचं नाव तिने 'मथुरा' ठेवलं.

ते माझे सुखाचे दिवस होते. घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देण्याचं काम माझ्याकडे होतं. दिपेशचा, म्हणजे आजीच्या मुलाचा ऑफिसचा कॉम्प्युटर, त्याच्या बायकोचा, श्रुतिकाचा मोबाइल, हॉलमधला टीव्ही, सगळे माझ्याकडे पत्ता मागायला यायचे. पण माझं खरं काम सुरू व्हायचं ते संध्याकाळी. ड्यूटी संपली की विनिता कॉल लावायची. आजी त्याआधीच डाव्या हाताने केस सारखे करून बसलेली असायची. चेहरा दिसला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलंस काय गो?" विनिता सावकाश, ओठ मोठे करून काय काय सांगायची आणि आजी हसायची. हसताना तिचं तोंड एका बाजूला ओढलं जायचं. ती ते हाताने झाकायची आणि विनिता म्हणायची, "हात काढ ना आई, दिसू दे मला."

श्रुतिका तेव्हा माझ्याकडे बघून म्हणायची, ही पेटी घरात आल्यापासून आईंची तब्येत सुधारली. माझी कोणी केलेली ती शेवटची स्तुती.

आता दिपेशबद्दल सांगायला हवं. मित्रांनो, दिपेश काही राक्षस नाही. तो घरून काम करायचा. श्रुतिका बोरिवलीला एका शाळेच्या ऑफिसात जायची, त्यामुळे दिवसभर आईचं सगळं दिपेशच्या अंगावर. तो तिचे कपडे बदलायचा, तिला कुशीवर वळवायचा, मीटिंगमधून उठून तिचं शौचाचं भांडं साफ करायचा. आईवर लक्ष राहावं म्हणून त्याने आपलं टेबलही तिच्याच खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी मांडलं होतं. पहिल्या वर्षी त्याने हे सगळं मायेने केलं. दुसऱ्या वर्षी कर्तव्य म्हणून केलं. पुढे मात्र त्याच्या हाताला राग चढत गेला. चादर ओढताना तो तिला जोरात ढकलायचा. पाणी मागितलं की ऐकू आलं नाही असं दाखवायचा, आणि ऐकू न येणाऱ्या बाईशी असं वागताना त्याला आपलंच हसू यायचं. आजीने हे विनिताला कधी सांगितलं नाही. विचारलं की ती म्हणायची, "मी बरी आसंय गो."

पण टॅबला डोळा होता. एके दिवशी विनिताने नेहमीपेक्षा लवकर, भर दुपारी कॉल लावला. टॅबने तो आपोआप घेतला. त्या वेळी दिपेश आजीला पेज भरवत होता. आजीच्या तोंडाच्या कडेने पेज गळत होती. दिपेशने एका हाताने तिचे गाल दाबून तोंड उघडलं आणि चमचा आत घातला. चमचा ओठाला लागला आणि ओठ फुटला. आजीने मान फिरवली, तशी त्याने ती केसांना धरून परत सरळ केली.

"दिपेश, हात काढ तिच्या तोंडावरून," टॅबमधून आवाज आला.

दिपेश दचकला. चमचा ताटलीत ठेवून तो उभा राहिला. विनिता शांतपणे म्हणाली की आपण सगळं पाहिलं आहे. मस्कतची नोकरी सोडायला लागली तरी चालेल, पण पुढच्या रजेत येऊन ती आईला स्वतःकडे ठेवून घेणार होती आणि मामाच्या, काकांच्या कानावर सगळं घालणार होती.

"तिकडे बसून शिकवू नकोस ताई," दिपेश म्हणाला, "आणि माझ्या घरात कॅमेरा लावून बसू नकोस."

त्याने टॅब पालथा घातला. आजीला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती ओठावरचं रक्त पुसत, आळीपाळीने टॅबकडे आणि मुलाकडे बघत राहिली.

त्याच आठवड्यात हॉलमध्ये नवा राउटर आला. इंटरनेटवाल्या कंपनीचा माणूस तो लावून गेला. रविवारी दिपेश माझ्यासमोर खुर्ची टाकून बसला आणि मोबाइलवर एक व्हिडिओ बघायला लागला. जुन्या राउटरचा स्विच कसा करायचा, असा तो व्हिडिओ होता. त्याच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला आणि टेबलावरच्या ऑफिसच्या फोनला वायर लागायची, आणि हॉलमधून आतल्या खोलीत वायर येत होती एकच. ती वाटून द्यायला मी हवा होतो. त्यात वावगं काही नव्हतं. जुनी वस्तू अशी वापरात आणणं चांगलंच.

व्हिडिओतला माणूस सांगत गेला तसं दिपेश करत गेला. एका घरात दोघांनी पत्ते वाटले तर गोंधळ होतो, म्हणून पत्ते वाटण्याचं माझं काम त्याने बंद केलं. माझा स्वतःचा पत्ता बदलला, म्हणजे नव्याशी माझी टक्कर व्हायला नको. हॉलमधून आलेली वायर माझ्या निळ्या छिद्रात न लावता पिवळ्यात लावली. आता मी कोणाचा मालक नव्हतो, नुसता चौरस्ता होतो. मला त्याचंही दुःख नव्हतं. वय झालं की अधिकार सोडावा लागतो, हे यंत्रांनाही कळतं.

पण मग तो माणूस म्हणाला, "वायफाय चालू ठेवलंत तरी काही बिघडत नाही. उलट आतल्या खोलीत तुमचा टॅब, मोबाइल छान चालेल."

दिपेशने तिथे व्हिडिओ थांबवला. थोडा वेळ पलंगाकडे पाहिलं. मग माझ्या पाठीशी हात घालून वायफायचं बटण दाबलं. माझा एक दिवा विझला. नव्या राउटरचा पासवर्ड टॅबला त्याने कधीच दिला नाही. टॅब मात्र उचलून परत स्टँडवर ठेवला, चार्जरला लावला, आणि आजीच्या तोंडासमोर नीट वळवून दिला.

त्याने टॅब फोडून टाकला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं. आजीला निदान कळलं असतं की टॅब गेला. पण समोर टॅब होता, त्याचा पडदा उजळत होता, त्यावर विनिताचा फोटो होता. फक्त कॉल येत नव्हता. आजी संध्याकाळ झाली की केस सारखे करायची आणि वाट बघत बसायची. आठवडाभराने तिने दिपेशला बोटाने टॅब दाखवला. दिपेश तिच्या समोर वाकला आणि ओठ मोठे करून म्हणाला, "ताईला वेळ नाही."

"माझ्या चेडवाक येळ नाय?" आजीने विचारलं.

"नाही," दिपेश म्हणाला.

श्रुतिकाला तिने अनेकदा विनवलं, "विनिताक फोन लाव गो." श्रुतिका "लावते हं" म्हणायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. वायफाय का लागत नाही हे तिला माहीत होतं. तिने एकदा नवऱ्याला विचारलंही होतं. तो म्हणाला, तुला दिवसभर आईपाशी बसायचं असेल तर नोकरी सोड, लगेच चालू करतो. तिने पुन्हा विचारलं नाही.

आणि विनिता? ती रोज टॅबवर कॉल लावायची आणि कोणी उचलायचं नाही. मग ती दिपेशला फोन करायची. मस्कतला शुक्रवारी तिला सुट्टी असायची, तेव्हा ती त्याच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करायची. मित्रांनो, ते सगळे कॉल माझ्यातून जायचे. मी चौरस्ता होतो, रस्ता अडवणं माझ्या हातात नव्हतं. विनिताचा चेहरा माझ्या एका छिद्रातून यायचा, दुसऱ्यातून निघायचा आणि दिपेशच्या पडद्यावर उमटायचा. पडद्याची पाठ पलंगाकडे होती. पडद्याच्या एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला आई, मध्ये बोटभर जाडीचं प्लॅस्टिक. आई बहिरी, म्हणून दिपेश कानाला काही लावतही नसे. विनिताचा आवाज खोलीभर ऐकू यायचा. मला ऐकू यायचा, भिंतींना ऐकू यायचा. एका माणसाला तेवढा येत नव्हता.

दिपेश तिला सांगायचा की आई आता कोणाला ओळखत नाही. तुझं नाव काढलं की चिडते, टॅब फेकून देते. डॉक्टर म्हणालेत की तिला त्रास देऊ नका. विनिता नर्स होती, म्हाताऱ्या माणसांचं असं होतं हे तिने पाहिलेलं होतं. म्हणून तिला खरं वाटलं. एकदा तिने हट्टच धरला की मला तिला बघू दे. दिपेशने आजी झोपलेली असताना मोबाइलवर तिचं चित्रण केलं, ते कॉम्प्युटरवर घेतलं आणि पाठवून दिलं. तेही माझ्यातूनच गेलं. ते बघून विनिता म्हणाली, "शांत झोपलीय रे." त्यानंतर तिने त्याची माफी मागितली. त्या दिवशी मी तुला नको ते बोलले, म्हणाली. दिपेशने माफी मान्य केली.

असे महिने गेले. मग दिपेशला ऑफिसने जुना मोठा कॉम्प्युटर परत मागितला आणि छोटा लॅपटॉप दिला. माझ्या पिवळ्या छिद्रात नवी वायर आली. मोठ्या पडद्याआड दिपेशचा चेहरा डोळ्यांपर्यंत झाकलेला असायचा. लॅपटॉप बुटका होता, त्यावरून त्याचं तोंड पलंगावरून स्वच्छ दिसायला लागलं. दिपेशच्या हे ध्यानात आलं नाही. आई आपल्याकडे तोंड करून सावकाश बोललं तरच समजते, असं तो धरून चालला होता. तिने उभं तरुणपण यंत्रांच्या पलीकडचे ओठ वाचण्यात घालवलं होतं, हे तो विसरला होता.

शुक्रवार होता. श्रुतिका नुकतीच ऑफिसातून येऊन दारात चपला काढत होती. विनिताचा कॉल चालू होता. दिपेश म्हणत होता, "नाही ताई, तुझी आठवण काढत नाही. विसरली ती."

आजीची मान हळूहळू उचलली गेली. ती त्याच्या ओठांकडे एकटक बघत होती. त्याने पुन्हा 'ताई' म्हटलं, आणि आजीला कळलं की लॅपटॉपच्या पलीकडे कोण आहे. तिने डावा हात पुढे केला. पलंगाची कड धरून उठायची धडपड केली, ते जमलं नाही. मग तिने सगळा जीव गोळा करून हाक मारली.

जिभेने साथ दिली नाही. 'विने' म्हणायचं होतं, तोंडातून निघाला तो एक लांब, जाडाभरडा ओरडा. एखादं जनावर ओरडावं तसा. ती पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली.

"काय रे हे?" विनिताने विचारलं.

दिपेश क्षणभर आईकडे बघत राहिला. मग पडद्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस ना? अशीच ओरडते. म्हणून सांगतो, तुला नाही बघवणार."

विनिता रडायला लागली. दिपेश म्हणाला, "ताई, रडू नकोस. ताई, ऐक, रडू नकोस तू."

आजीने तेही वाचलं. तिने हाक मारायची थांबवली आणि डावा हात आपल्या तोंडावर घट्ट दाबून धरला. कॉल संपेपर्यंत तो काढला नाही. आपण ओरडतो म्हणून लेक रडते आहे, एवढंच तिला कळलं होतं.

त्या दिवसानंतर शुक्रवारी दिपेश लॅपटॉप उघडायला लागला, की आजी स्वतःच मान वळवून भिंतीकडे तोंड करायची.

दिवाळीच्या आधी तिला ताप येऊ लागला. पडून पडून पाठीला झालेल्या जखमा चिघळल्या होत्या. एका दुपारी दिपेशची मोठी मीटिंग होती. माणसं पुष्कळ, सगळ्यांचे चेहरे माझ्यातून धावत होते. दिपेश कामाची आकडेवारी समजावून सांगत होता. पलंगावर आजीचा श्वास घरघरायला लागला, मग लांबत गेला, मग थांबला. दिपेश बोलत होता. मीटिंग संपल्यावर त्याने चहा करून घेतला आणि परत येऊन कामाला बसला. आई गेल्याचं आधी कळलं ते श्रुतिकाला, घरी आल्यावर.

विनिता आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ती आईच्या पलंगावर बसली. तिने मोबाइल काढला आणि कपाळाला आठी घालून माझ्याकडे पाहिलं. तिचा मोबाइल मला ओळखत होता, मला बसवलं तिनेच. पण त्याला 'मथुरा' नाव कुठे सापडत नव्हतं.

"हा चालू आहे ना?" तिने श्रुतिकाला विचारलं. "मग वायफाय का येत नाही?"

"ते नुसतं वायरींसाठी ठेवलंय, ताई," श्रुतिका म्हणाली. "वायफाय बंद केलंय त्याचं."

"कधीपासून?"

श्रुतिकाने दाराकडे पाहिलं. दारात दिपेश उभा होता.

"जुना झालाय तो," दिपेश म्हणाला. "वायफाय गेलं त्याचं."

विनिता उठली. तिने माझी पाठ चाचपली आणि बटण दाबलं. माझा विझलेला दिवा लागला. घरात पत्ते आता नवा राउटर वाटत होता, त्यामुळे माझ्याकडे आलेल्याला मी फक्त त्याच्यापर्यंत पोचवायचं होतं, आणि ते मला उत्तम येत होतं. सगळ्यात आधी आला तो टॅब. चार्जरवर होता, रोज श्रुतिका त्यावरची धूळ पुसायची. त्याने मला ओळखलं, पत्ता घेतला आणि वाजायला लागला.

विनिताने इतक्या महिन्यांत पाठवलेले निरोप एकामागून एक येऊन पडत होते. आई, जेवलीस का? आई, आज इथे आंबे मिळाले. आई, रागावलीस का माझ्यावर? आई, नुसता चेहरा दाखव. टॅब वाजत राहिला. कोणी पुढे होऊन तो बंद केला नाही. विनिता उभी राहून ते सगळे निरोप बघत होती आणि दिपेश जमिनीकडे बघत होता.

टॅब गप्प झाल्यावर तिने श्रुतिकाला विचारलं, "त्या शुक्रवारी ती ओरडली, तेव्हा तू होतीस ना घरात?"

"होते."

"काय म्हणत होती?"

श्रुतिका रडत म्हणाली, "तुमचं नाव घेत होत्या, ताई."

विनिताने टॅब स्टँडवरून काढून पिशवीत घातला. दिपेश काहीतरी सांगायला गेला. किती केलं मी तिचं, तुला काय माहीत, असं काहीसं. विनिताने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ती कोणाला ओळखत नाही म्हणालास. तिने मला पडद्याच्या मागून ओळखलं रे."

ती मुलुंडला मैत्रिणीकडे गेली आणि तिथूनच मस्कतला परतली. दिपेशचा फोन तिने त्यानंतर घेतलेला नाही. शुक्रवारी तो लॅपटॉप उघडून बसतो आणि तिला कॉल लावतो. तो कॉल माझ्यातून जातो आणि तसाच माघारी येतो.

पलंग आता देऊन टाकला आहे. त्या जागी दिपेशने मोठं टेबल घेतलं आहे. विनिता गेली त्याच दिवशी त्याने माझं बटण पुन्हा दाबलं. मी अजून चांगला चालतो.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, मला भंगारात टाकू नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरात आतल्या खोलीत कोणी म्हातारं माणूस असेल, आणि दुसऱ्या कोणी तुम्हाला सांगितलं, की त्यांना तुमच्याशी बोलायचं नाही, त्यांना काही कळत नाही, त्यांना त्रास देऊ नका, तर हो म्हणून मागे फिरू नका. आत जा. त्यांच्या समोर बसा, तुमचं तोंड त्यांना दिसेल असं बसा, आणि त्यांनाच विचारा.